गाडीचा रोबो, रोबोची गाडी: रूपांतर होणाऱ्या खेळण्याचा रिव्ह्यू लिहिताना

रोबोची गाडी आणि गाडीचा परत रोबो, असं निदान पाच वेळा केल्याशिवाय रिव्ह्यू लिहायला बसू नका. बाकीचं पुढे सविस्तर सांगतो, पण घाई असेल तर एवढं घेऊन गेलात तरी चालेल. पहिल्या खेपेला आपण घाबरलेले असतो, दुसऱ्या खेपेला चुकतो, तिसऱ्यांदा सोबतचा सूचनांचा कागद बघावा लागत नाही. खेळणं कसं आहे हे खरं कळायला लागतं ते चौथ्या-पाचव्या खेपेला. आधी कडक वाटलेला गुडघा तोवर मोकळा झालेला असतो, आणि टक्कन बसणारी खुंटी आपोआप सुटायला लागलेली असते.

नवखा माणूस काय करतो? खोका उघडतो, सहा फोटो काढतो आणि खाली लिहितो, 'क्वालिटी एकदम भारी, पैसे वसूल.' मीही सुरुवातीला हेच करायचो. पण वाचणाऱ्याने फोटो आधीच पाहिलेले असतात, कंपनीचे तर आपल्यापेक्षा चांगले. त्याला हवं असतं ते फोटोत न दिसणारं: हाताला काय लागलं.

ही खेळणी दोन डगरींवर पाय ठेवून उभी असतात

साध्या अ‍ॅक्शन फिगरला फक्त माणसासारखं दिसायचं असतं, खेळण्यातल्या गाडीला फक्त गाडीसारखं. यांना दोन्ही जमवायचं असतं, तेही त्याच तुकड्यांमधून. त्यामुळे कुठेतरी तडजोड असतेच. गाडी सुबक झाली की तिचं अर्धं बोनेट रोबोच्या पाठीवर दप्तरासारखं लटकतं. रोबो सडपातळ झाला की गाडीच्या खालून त्याचे हात डोकावतात. 'तडजोड आहे' ही तक्रार होऊ शकत नाही. ती कुठे केली, आणि ती तुम्हाला सोसते का, हे सांगायचं.

थोडा इतिहास माहीत असला तर यातले निम्मे वाद समजतात. जपानच्या टाकारा कंपनीने १९८० मध्ये डायाक्लोन ही मालिका काढली. तिच्यात पुढे रोबो होणाऱ्या गाड्या आल्या, त्या १/६० प्रमाणाच्या, आत बोटाच्या पेराएवढा चालक बसेल अशा. त्याच कंपनीच्या मायक्रोमॅन मालिकेत १९८३ च्या सुमारास मायक्रो चेंज आली. तिच्यातली पिस्तुलं आणि कॅसेट प्लेअर साधारण खऱ्या वस्तूच्याच मापाचे. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने ही दोन्ही घराणी एकत्र करून १९८४ मध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला काढली. त्यातला नायक ऑप्टिमस प्राइम हा डायाक्लोनमधला ट्रक, खलनायक मेगाट्रॉन हे मायक्रो चेंजमधलं वॉल्थर पी-३८ पिस्तूल. म्हणजे फळीवर ट्रक आणि पिस्तूल शेजारी उभे केले की मापाचा ताळमेळ पहिल्या दिवसापासूनच नव्हता. संग्राहक आजही 'स्केल' म्हणून हमरीतुमरीवर येतात त्याचं मूळ इथे आहे. रिव्ह्यूत 'स्केल बरोबर आहे' असं मोघम लिहू नका. कोणाच्या शेजारी उभा केला तर बरोबर, ते लिहा.

आधी ओळख पटवा

पहिल्या परिच्छेदात एवढं यायलाच हवं: कंपनी, मालिका, पात्राचं नाव, साइझ क्लास, वर्ष, तुम्ही मोजलेले पैसे. हॅस्ब्रोच्या नेहमीच्या मालिकांत कोअर, डीलक्स, व्हॉयेजर, लीडर, कमांडर, टायटन असे चढते क्लास असतात. कोअर साडेतीन इंचांच्या आसपास, डीलक्स साडेपाच, व्हॉयेजर सात. क्लास मात्र नेहमी उंचीवर ठरत नाही. किमतीवर ठरतो. लीडरच्या खोक्यातून व्हॉयेजरच्या उंचीचा रोबो निघतो आणि उरलेले पैसे ट्रेलरमध्ये किंवा चिलखतात गेलेले असतात. वाचणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही, तर खोका उघडल्यावर तो तुमच्या नावाने बोटं मोडणार.

मास्टरपीस ही मालिका म्हणजे वेगळं प्रकरण. २००३ मध्ये टाकाराने तिच्यातला पहिला ऑप्टिमस प्राइम, एमपी-०१, काढला, जडशीळ, भरपूर डायकास्ट (साच्यात ओतलेल्या) धातूचा. २०११ मध्ये त्याच पात्राचा एमपी-१० आला, आधीच्यापेक्षा लहान, बाकीच्या गाड्यांशी माप जुळेल असा. (मधल्या काळात, २००६ मध्ये, टाकारा आणि टोमी एक झाल्या, म्हणून खोक्यावर टाकाराटोमी दिसतं.) मास्टरपीस मोठ्यांसाठी असतो. त्याला मुलांच्या खेळण्याचे निकष लावून 'फार किचकट' म्हणणं, किंवा डीलक्सला मास्टरपीसचे निकष लावून 'रंग कमी' म्हणणं, दोन्ही अन्यायाचं.

तिसरी ओळख जास्त नाजूक. खेळणं अधिकृत आहे, थर्ड पार्टीचं आहे की नॉक-ऑफ, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत 'केओ'? थर्ड पार्टीवाले परवाना नसताना स्वतःची रचना करतात आणि पात्राला भलतंच नाव देतात. केओवाले सरळ दुसऱ्याच्या साच्याची नक्कल करतात, कधी मापही मोठं करतात. तुमचं यावर मत काहीही असो, वाचणाऱ्यापासून लपवू नका.

आणि पैसे. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे अमेरिकेतला रिव्ह्यूवाला 'या किमतीत छानच' म्हणतो ते ठाण्यात किंवा नाशकात खरं असेलच असं नाही. खेळण्याची किंमत, पार्सलचा खर्च, शुल्क हे तिन्ही आकडे वेगळे लिहा. खेळणं कोणी फुकट पाठवलं असेल तर ते पहिल्या ओळीत सांगा, तळाशी बारीक अक्षरात नको. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम २०२१ पासून आहेतच. नियम नसते तरी हे सांगणं आपलं काम होतं.

खोका

दोन ओळींत उरका. ठेचला होता का, आत कागदी दोऱ्या आहेत की प्लास्टिकचा साचा, सगळं परत त्यात बसतं का. काहींचा खोक्यावरही जीव असतो, त्यांच्यासाठी एक फोटो पुरे.

हात लावण्याआधी

इथे मात्र थांबा. उघडताना व्हिडिओ चालू ठेवा, मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवला तरी चालतो. हे मी ठेच लागून शिकलो. एका रोबोला दोन्ही खांद्यांवर डाव्याच बाजूची पाती बसवलेली आली होती. मला वाटलं, नवीन आहे म्हणून कडक असेल. जोर दिला, आणि बिजागरी गेली. विकणाऱ्याचं म्हणणं, तुम्हीच मोडलंत. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

म्हणून आधी नुसतं बघा. डावं-उजवं आरशातल्यासारखं जुळतं का? स्क्रूची डोकी एकाच बाजूला आहेत का? रंगाचा फराटा कुठे गेलाय? प्लास्टिक वाकवल्यासारखा पांढरट डाग कुठे आहे? तो स्ट्रेस मार्क, पुढे तडा तिथूनच जाणार. पारदर्शक प्लास्टिकचे भाग कोणते ते शोधा, हे तर फार महत्त्वाचं. गाडीच्या काचा दिसाव्यात म्हणून पुष्कळदा अख्खं छप्पर पारदर्शक प्लास्टिकचं ओततात आणि काचा सोडून बाकीचा भाग गाडीच्या रंगाने रंगवतात. त्यातून दोन कटकटी निघतात. रंगवलेलं छप्पर आणि रंगीत प्लास्टिकचं बोनेट यांच्या छटा जुळत नाहीत. आणि पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं, त्यात बिजागरी असेल तर काळजाचा ठोका चुकतो. उन्हात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे नेऊन छटा बघा.

जुनं, वापरलेलं खेळणं असेल तर आणखी एक. १९८० च्या अखेरीच्या आणि नव्वदच्या दशकातल्या काही खेळण्यांत चकाकणाऱ्या भुकटीचं सोनेरी प्लास्टिक वापरलंय. ते काळानुसार आपोआप भुसभुशीत होतं. संग्राहक त्याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. बाहेरून नवंकोरं दिसतं आणि हात फिरवला की बिस्किटासारखं मोडतं. अशा खेळण्याचं रूपांतर करूनच रिव्ह्यू लिहायचा हट्ट नको. आहे त्या रूपात फोटो काढा आणि का वळवलं नाही ते लिहा.

रूपांतर

रिव्ह्यूचा जीव इथे आहे. पहिल्यांदा सोबतच्या कागदावरून करा आणि घड्याळ लावा. खोक्यावर किती टप्पे छापलेत ते बघा. तो आकडा फार मनावर घेऊ नका, कारण 'दोन्ही हात खाली' हाही एक टप्पा आणि सात पात्यांची गुंतागुंत हाही एकच टप्पा. तिसऱ्यांदा कागद न बघता करा, परत वेळ घ्या. या दोन वेळांमधला फरक वाचणाऱ्याला बरंच सांगून जातो. पहिल्यांदा अर्धा तास आणि तिसऱ्यांदा चार मिनिटं लागत असतील तर रचना चांगली, फक्त कागद वाईट. पाचव्यांदाही वीस मिनिटंच लागत असतील तर खेळणं फळीवर एकाच रूपात धूळ खाणार, हे लिहून टाका.

एक उदाहरण देतो. माझ्याकडची एक लाल डीलक्स गाडी. रोबोचे पाय दुमडून गाडीचा मागचा भाग होतो. दोन्ही पोटऱ्या एकमेकींना चिकटवायच्या, मध्ये एक खुंटी आणि एक भोक. ती खुंटी बसेचना. बसवली की छप्पर उचकटायचं, छप्पर दाबलं की पोटऱ्या फाकायच्या. दोन संध्याकाळी मी त्यातच. मग आठ वर्षांची भाची घरी आली, तिच्या हातात दिली. तिने कागद बघितलाच नाही. दोनदा उलटीपालटी केली आणि म्हणाली, 'मामा, चाक आडवं आलंय ना!' खरंच, मागचं चाक ज्या कडीवर होतं ती आधी पाव फेरा फिरवून आत घ्यायची होती. कागदावर तो बाण होता, पण पुढच्या चित्राच्या सावलीत दडलेला. चाक आत गेलं आणि दोन्ही पोटऱ्या टक्कन जुळल्या.

माझ्या रिव्ह्यूतलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच ठरलं: 'पोटऱ्या जोडण्याआधी मागची चाकं आत वळवा, कागदात हे नीट दिसत नाही.' तेव्हापासून दर खेळण्याचं रूपांतर एकदा तरी संग्राहक नसलेल्या माणसाकडून करवून घेतो. आपल्याला सवयीने जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.

हे करताना शेजारी वही ठेवा. कुठे नख लागलं, कुठे स्क्रूड्रायव्हरचं टोक घ्यावंसं वाटलं, कुठला तुकडा निखळून हातात आला. निखळणं दोन प्रकारचं. काही भाग बॉल जॉइंटवर, म्हणजे खाचेत गोळा बसणाऱ्या सांध्यावर असतात, जोर पडला की मोडण्याऐवजी सुटावेत म्हणून. ते परत दाबले की बसतात, त्यात दोष नाही. पण खुंटीच इतकी तोकडी की दर वेळी दार हातात येतं, हा दोष. आणि रूपांतरासाठी तुकडा काढून दुसरीकडे लावावाच लागत असेल तर त्याला पार्ट्सफॉर्मर म्हणतात, काहींच्या लेखी ही शिवीच आहे. मी तेवढा कडवा नाही. १९८४ च्या ऑप्टिमस प्राइमच्या मुठीसुद्धा वेगळ्या लावायच्या होत्या, आणि त्या मुठी हरवलेले कितीतरी प्राइम आजही जुन्या बाजारात हातांविना फिरतात.

'शेलफॉर्मर' हा शब्दही कानावर येईल. रोबो वेगळाच, त्याच्या पाठीवर गाडीचं टरफल. शब्द वापरायचा तर पुरावा द्या: पाठीकडून फोटो काढा. कंपनी तो फोटो सहसा दाखवत नाही.

रोबो उभा करून

सपाट टेबलावर उभा करा आणि टेबलाला हलका धक्का द्या. पडला? मागे पडला तर पाठीवरचं ओझं जास्त, टाच आखूड. मग सांधे एकेक करून: मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, मांडी, गुडघा, घोटा. प्रत्येकावर वाक्य लिहू नका, वाचणारा जांभई देईल. वेगळं असेल तेच लिहा. घोटा आडवा झुकतो का हे मात्र नेहमी सांगा. तो झुकत नसेल तर पाय फाकवून उभं करता येत नाही, आणि मग सगळ्या पोझ ध्वजवंदनाच्या.

सांध्याचा आवाज ऐका. कट्-कट् असा दातेरी आवाज म्हणजे रॅचेट. जड रोबोला तो हवाच, फक्त दाते फार मोठे असतील तर हात हवा तिथे थांबत नाही, एक दाता वर नाहीतर एक दाता खाली. आवाज नसेल तर नुसत्या घर्षणावर काम चाललंय, तो सांधा लवकर ढिला पडतो. हात आडवा धरून त्यात बंदूक द्या आणि जेवून या. परत येईपर्यंत हात खाली आला असेल तर लिहा. हल्लीच्या बहुतेक मालिकांत मुठीचं भोक आणि हत्याराची मूठ ५ मिलिमीटरची असते, त्यामुळे एकाची बंदूक दुसऱ्याला चालते. घट्ट बसत असेल तर ठोकू नका, खुंटी आतच मोडली की खेळ खलास.

गाडी झाल्यावर

जमिनीवर ढकला. चारही चाकं फिरतात की एक घासतं? दारं-बोनेटच्या मधल्या फटी बघा, नख जातं का? समोरच्या काचेतून रोबोचं तोंड दिसतं का? गाडी कडेला धरून उचला. सुटून हातात काय राहतं ते बघा. बंदूक गाडीच्या रूपात कुठे ठेवायची हा प्रश्न पुष्कळ कंपन्या छपरावर खोचून सोडवतात. ते सुंदर दिसतं असं कोणी मला अजून पटवून दिलेलं नाही.

मापं आणि फोटो

उंची डोक्याच्या टोकापर्यंत मोजा. शिंगं, धुराडी, खांद्यावरची तोफ धरली तर तसं वेगळं लिहा. स्टीलची पट्टी हवी, टेलरची टेप झोळ खाते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. एका फोटोत दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं, आणि नुसत्या सेंटिमीटरांपेक्षा ते वाचणाऱ्याच्या डोळ्यात पटकन भरतं.

महागडी लाइट बॉक्स नको. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, नाहीतर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा राखाडी कार्डशीट भिंतीला टेकवून टेबलावर वळवा, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ येत नाही. खिडकी एका बाजूला, थेट ऊन नको, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा. पांढरा रोबो पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवू नका. फ्लॅश बंद. पाच फोटो आवश्यक: समोरून, पाठीकडून, गाडी तिरकी, गाडी खालून, आणि जिथे दोष आहे तिथला जवळून. मारामारीची पोझ हवी तर सहावा.

लिहायला बसल्यावर

'क्वालिटी चांगली' हे खोडा. त्याजागी 'कोपर ९० अंशांच्या पुढे वळतं, गुडघ्यात रॅचेट आहे, छप्पर पारदर्शक प्लास्टिकचं असून दोन ठिकाणी रंग उडाला' असं लिहा. दोष सांगताना एकाच नगावरून अख्ख्या साच्याला फाशी देऊ नका. 'माझ्या नगात डावा घोटा ढिला आहे' आणि 'घोट्याची रचनाच कमकुवत आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला नशिबाचा भाग. दुसरं म्हणायचं तर दोन-तीन जणांचे नग बघा.

दहापैकी गुण द्यायची फॅशन आहे. मी देत नाही. साडेसात म्हणजे काय, हे मलाच पुढच्या महिन्यात आठवत नाही. त्याऐवजी हे कोणी घ्यावं आणि कोणी घेऊ नये, अशी दोन वाक्यं लिहितो. उदाहरणार्थ: 'जुन्या मालिकेतले सगळे जमवताय, तर घ्या. टेबलावर हाताला चाळा म्हणून हवा असेल तर याची दारं दर वेळी निघतात, दुसरं बघा.' किंमत उतरायची वाट बघणार असाल तर तेही सांगा.

दुरुस्तीचा सल्ला स्वतः करून पाहिलेला असेल तरच द्या. ढिल्या बॉल जॉइंटच्या गोळ्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात देऊन, रात्रभर वाळवून मग बसवायचा, हा जुना उपाय आहे. आधी न दिसणाऱ्या जागी थेंब लावून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र टेबलावरही आणू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं.

आणि रिव्ह्यू टाकून झाला की खेळणं लगेच काचेच्या कपाटात बंद करू नका. पंधरा दिवस टेबलावर राहू दे, येता-जाता वळवा, मग खाली तारीख घालून भर घाला. त्या लाल गाडीखाली माझी भर अशी आहे: 'उजवी टाच आता धरत नाही, तीन वेळा पालथा पडला. नेलपॉलिश लावलं, धरते. भाचीने परत मागितला आहे.'